पोटखराब्यातली पेरणी : मुंग्या, साळिंदर आणि खानदेशचे बांध

मुंग्या धान्य साठवतात हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते. युरोपातल्या विद्वानांना मात्र एकोणिसाव्या शतकात ते भाकड वाटायचे. त्यांची शंका फेडायला पुण्याच्या परेड ग्राउंडजवळची एक नोंद कामी आली. १८३०च्या सुमारास एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पावसानंतर मुंग्यांना भिजलेले गवताचे बी बिळाबाहेर आणून वाळवताना पाहिले होते. मुंग्यांकडून होणाऱ्या बीजप्रसाराला शास्त्रीय नाव मिळाले ते १९०६ साली, स्वीडनमध्ये. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे त्याच वर्षी झाले. संबंध काही नाही, पण सन लक्षात राहतो.

एरंडाच्या बीला टोकाशी मऊ, तेलकट गाठ असते. मुंगी बी ओढून नेते, गाठ खाते आणि कडक बी तसेच टाकून देते. गवताचे बी नेणाऱ्या मुंग्यांची गोष्ट वेगळी, त्या बीच खातात. दिवाळीनंतर मुरमाड बांधावर उकिडवे बसून पाहावे. बोटभर बिळाभोवती कुसळी-मारवेल या गवतांच्या फोलाचे कडे पडलेले असते, आणि त्या फोलात न फुटलेले दाणेही सापडतात. वाटेत सांडलेले, फोलात राहिलेले आणि बीळ ओस पडल्यावर कोठारात उरलेले, एवढेच काय ते पेरले जाते. मुंगी चोर की पेरणारी, हा वाद म्हणूनच मिटत नाही. माझ्या मते ती दोन्ही आहे.

उकरणाऱ्या जनावरांकडे लक्ष गेले फार उशिरा. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, जिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, साळिंदराने कंदासाठी उकरलेले खड्डे १९८०च्या दशकात तपासले गेले. वाऱ्याने आलेले बी आणि वाहून आलेले पाणी खड्ड्यात अडते, त्यामुळे आजूबाजूच्या सपाट जमिनीपेक्षा तिथे झाडोरा दाट येतो. ते साळिंदर आपल्या सातपुड्यातलेच, जात एकच. इथे त्याची ओळख भुईमूग उपटणारा आणि पळसाची साल कुरतडणारा एवढीच. यावलच्या जंगलातले अस्वल वाळवीसाठी जमीन फोडते आणि बोरे-टेंभरे खाऊन बिया दूर नेऊन टाकते. कोल्हा-खोकडाच्या विष्ठेत तर बोराच्या आठळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

हे सगळे चालते कुठे? काळ्या रानात वखर-नांगर फिरत असल्याने बीळ टिकत नाही. ते टिकते बांधावर, नाल्याच्या काठाला, मुरमाच्या टेकाडावर. सातबारावर या जागेला नाव आहे पोटखराब. इंग्रजी अंमल खानदेशात १८१८ साली आला. १८५२ मध्ये साऱ्यासाठी जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा-फैजपूर भागात लोक उठले आणि लष्कर आणावे लागले. तरी मोजणी झालीच. पिकाखाली येणार नाही त्या तुकड्यावर आकार, म्हणजे सारा, बसवायचा नाही, इतकाच ‘पोटखराब’ या शब्दाचा अर्थ होता. ‘खराब’ म्हणजे सारा न देणारी. पुढे अर्थ घसरला आणि ती निरुपयोगी जमीन ठरली. त्यातही दोन वर्ग आहेत : ‘अ’ म्हणजे खडकाळ वगैरे, लागवडीस अयोग्य, ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणंद, नाला अशा सार्वजनिक वापराची. गावात मात्र दोन्ही सरसकट पोटखराबाच, आणि निम्मी भांडणे तिथूनच निघतात.

२०१८ साली राज्याने नियम बदलला. वर्ग ‘अ’चा तुकडा शेतकऱ्याने लागवडीखाली आणला असेल तर तो लागवडीयोग्य क्षेत्रात धरून त्यावर आकारणी करायची. शेतकऱ्यांची ही मागणी रास्त होती. वहितीतली जमीन कागदावर खराब राहिली की पीककर्जात ती धरत नसत, भूसंपादनाच्या मोबदल्यातही मार बसे. पण तुकडा वहितीत येण्यापूर्वी तिथे काय उगवत होते, याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

तोवर जेसीबी तासाच्या भाड्याने मिळू लागला होता. रावेर-यावलकडे केळीसाठी ठिबकच्या नळ्या सरळ टाकायच्या तर मधला बांध अडचणीचाच. कापसाच्या पट्ट्यात उरलेल्या धुऱ्यावर तणनाशक मारले जाते. कुसळी गेली, तिच्या मागोमाग फोलाची कडीही गेली.

आमच्या शिवारात सपाट केलेल्या एका वावरात मधोमध दोन हात जागा सोडलेली आहे. तिथे वारूळ आहे. नागपंचमीला बाया पूजतात, म्हणून जेसीबीवाल्याने दात लावला नाही. ‘मुंग्यांचं वारूळ’ म्हणतात सगळे. बांधलेले ते वाळवीने, आणि वाळवी झुरळाच्या नात्यातली. एक मात्र खरे, त्या दोन हातांत अजून मारवेल उभी आहे.