मागच्या शॉकचा बुश गेलाय? आधी हे वाचा

माउंटन बाइकच्या मागच्या सस्पेन्शनमधून टक-टक आवाज येऊ लागला की हात आपोआप ॲलन कीकडे जातो. शॉकचा बोल्ट आणखी आवळला जातो, थोडे दिवस बरे वाटते आणि आवाज पुन्हा सुरू होतो. आमच्याकडे येणाऱ्या सायकलींपैकी बऱ्याच जणींवर हा प्रयोग होऊन गेलेला असतो. बोल्टच्या डोक्याकडे पाहिले की कळतेच.

आवळून प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, जात नाही याला कारण आहे. बोल्ट फ्रेमच्या दोन कानांमध्ये पिन आणि तिच्या दोन बाजूंचे स्पेसर घट्ट धरून ठेवतो. शॉकचे टोक, म्हणजे आयलेट, त्या पिनेवर फिरते आणि दोघांच्या मध्ये असतो बुश. झीज होते ती बुशच्या आतल्या पृष्ठभागावर, आणि बोल्टचा जोर तिथपर्यंत पोचतच नाही. जास्त ताकद लावली तर आटे जातात, प्ले तसाच राहतो.

बुश दिसायला साधा, पण तीन थरांचा असतो. बाहेर पोलादाचे पातळ कवच, त्याच्या आत सच्छिद्र ब्राँझ आणि सर्वात आत पीटीएफईचा राखाडी लेप. नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच जातीचा हा पदार्थ. बुश मुद्दाम झिजण्यासाठी बनवलेला आहे, म्हणजे आयलेट आणि पिन वाचतात. राखाडी लेप जाऊन आत पितळी रंग चमकू लागला की त्याचे काम संपले. त्यानंतरही सायकल चालवत राहिलात तर पिनेवर खाच पडते, मग आयलेट मोठे होते. बुश लवकर बदला असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. बुश हा शॉकमधला किरकोळ भाग आहे, आयलेट तसे नाही.

काही शॉकमध्ये धातूऐवजी पॉलिमरचे बुश असतात. तेही याच पद्धतीने तपासायचे, फक्त त्यांत पितळी रंग दिसणार नाही. आयलेटऐवजी शॉकच्या अंगातच दोन बाजूंनी बोल्ट जात असतील, किंवा टोकाला बेअरिंग असेल, तर त्या टोकाला हे पत्रक लागू नाही.

आवाज बुशचाच आहे ना?

सायकल सपाट जमिनीवर उभी करा. एकाने मागून फ्रेम धरून हलकेच वर-खाली करायची, चाक जमिनीवरून जेमतेम उचलेल इतपतच. दुसऱ्याने आयलेट आणि स्पेसर यांच्या सांध्यावर बोट ठेवायचे. बुश गेला असेल तर बोटाला बारीक ठोका लागतो. डोळ्यांना काही दिसेलच असे नाही. शॉकची दोन्ही टोके तपासा. सीट धरून मात्र ही चाचणी करू नका. ड्रॉपर सीटपोस्टमध्ये (चालवताना सीट वर-खाली करता येते त्या दांड्यात) स्वतःचा थोडा प्ले असतोच आणि तो हमखास फसवतो.

त्यानंतर तसेच बोट लिंकेजच्या, म्हणजे मागचा त्रिकोण फ्रेमला जोडणाऱ्या दुव्यांच्या, प्रत्येक सांध्यावर ठेवून पाहा. मागचा ॲक्सल घट्ट आहे का, हबमध्ये प्ले आहे का, तेही बघा. शॉक काढल्यावर मागचा त्रिकोण (फ्रेमचा मागचे चाक धरणारा भाग) हाताने वर-खाली फिरवला आणि तो खरखरीत लागला किंवा आडवा हलला, तर बेअरिंगचेही काम आहे. दोन्ही एकदमच उरकलेले बरे.

घरी करणार असाल तर

करायला हरकत नाही, पण घाई नको. एअर शॉक असेल तर आधी आतला दाब आणि सॅग (तुम्ही बसल्यावर शॉक किती दबतो ते) लिहून ठेवा, मग हवा सोडा. कॉइल असेल तर स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला ताण, ढिला करा. शॉकचा बोल्ट निघताच मागचा त्रिकोण खाली येतो, म्हणून चाक काढून घ्या किंवा त्याला आधार द्या. शॉकचे अंग मात्र उघडू नका. बऱ्याच डॅम्परमध्ये (शॉकची हालचाल मंदावणाऱ्या आतल्या भागात) दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि ते काम वेगळ्या साधनांचे आहे.

जुना बुश दाबून काढण्यासाठी दोन भागांचे टूल मिळते: एक भाग बुशला ढकलतो, दुसरा निघालेला बुश आत घेतो. ते व्हाइसमध्ये धरायचे आणि सावकाश दाबायचे. टूल नसेल तर योग्य मापाचे दोन सॉकेट चालतात. एक आयलेटच्या भोकात सैल जाईल असा, दुसरा बुश त्यात मावेल एवढा मोठा. ते सरळ रेषेत राहिले पाहिजेत एवढे पाहा. हातोडी नको, कारण प्रत्येक ठोक्याचा मार शाफ्ट आणि सीलवर बसतो. गॅसची ज्योत तर अजिबात नको.

नवा बुश मागवण्याआधी मापे घ्या. इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. बुशचे माप शॉकवर ठरते. बऱ्याच शॉकमध्ये आतला व्यास १२.७ मिमी असतो. पिन आणि स्पेसरचे माप मात्र फ्रेमवर ठरते: बोल्टची जाडी, जी बहुधा ६, ८ किंवा १० मिमी असते, आणि दोन कानांमधले अंतर. व्हर्निअरने मिमीच्या दहाव्या भागापर्यंत मोजा आणि वरचे टोक व खालचे टोक वेगवेगळे मोजा. दोन्हीकडे सारखेच असेल असे धरून चाललात तर पार्सल परत पाठवावे लागते.

आयलेट आतून स्वच्छ पुसून तडे किंवा ओरखडे आहेत का ते पाहा. नवा बुश दाबावाच लागला पाहिजे. तो अंगठ्याने सहज आत गेला तर आयलेट मोठे झाले आहे; तिथे चिकटद्रव लावून काम चालवण्याचा सल्ला आम्ही देत नाही. बुश तिरका जाऊ देऊ नका. बाहेरून ग्रीसचा अगदी पातळ थर चालेल आणि बसल्यावर दोन्ही कडा आयलेटच्या तोंडापासून सारख्या अंतरावर हव्यात. आतला लेप घासू नका, रीमर (भोक मोठे करायचे हत्यार) फिरवू नका. आत ग्रीस भरायची गरज नाही, बुश कोरडाच चालतो आणि ग्रीसला वाळू चिकटते. ओ-रिंग (रबरी कड्या) असतील तर त्यांना ग्रीसचे बोट फिरवा.

नवी पिन बसवल्यावर ती हाताने फिरवताना अडल्यासारखी वाटते. ते बरोबर आहे. सैल फिरत असेल तर माप चुकले आहे. जुन्या पिनेवर नखाला खाच लागत असेल तर ती नव्या बुशसोबत वापरू नका. बुश पुन्हा लगेच जाईल.

बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानेच, आवळा. आकडा फ्रेमच्या पुस्तिकेत असतो, कधी बोल्टजवळच कोरलेला असतो. फ्रेमनुसार तो बदलतो, म्हणून आम्ही इथे देत नाही. हवा भरण्याआधी चाक शेवटपर्यंत वर दाबून पाहा. व्हॉल्व्ह, लिव्हर किंवा रिझर्व्हॉयर कुठे फ्रेमला टेकतात का? शॉक उलटा बसवला गेला असेल तर तो इथेच कळतो. मग पूर्वीचा दाब भरा, सॅग तपासा आणि पहिल्या राइडनंतर टॉर्क पुन्हा एकदा बघा.

नवा बुश लवकर गेला तर

चिखल, वाळू आणि प्रेशर वॉशर ही नेहमीची कारणे. पाण्याचा फवारा थेट शॉकच्या टोकांवर मारू नका. फिरण्याचा कोन ज्या टोकाला जास्त, तिथला बुश आधी जातो, हेही स्वाभाविक आहे. पण नवा बुश काही आठवड्यांतच गेला, किंवा काढल्यावर त्याची एकच बाजू घासलेली दिसली, तर दोष बुशचा नाही. फ्रेमचे कान एका रेषेत नसतात किंवा पिनेची लांबी चुकलेली असते. अशा वेळी एकटा शॉक पाठवू नका, पूर्ण सायकल आणा. फ्रेम हातात असल्याशिवाय हे तपासता येत नाही.

आमच्याकडे काम द्यायचे असेल तर फ्रेमचे मॉडेल आणि वर्ष, शॉकचे मॉडेल आणि तुम्ही ठेवता तो दाब लिहून द्या. बुश निघाला असेल तरी टाकू नका, पिना आणि स्पेसरसह घेऊन या. कुठल्या टोकाचे काय, ते पिशवीवर लिहिलेत तर मापे घ्यायला सोपे जाईल.