डॉक्टरांच्या पहिल्या पगारात ब्रँचनुसार फरक कसा पडत गेला

घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, नाहीतर अंबाजोगाईला पीजी (एमबीबीएसनंतरचं एमडी-एमएस) करणाऱ्या पोरांना स्टायपेंड ब्रँच बघून भेटत नाही, रेडिओलॉजीवाला असो की पीएसएमवाला (पीएसएम म्हणजे साथी आणि सार्वजनिक आरोग्याचा विषय), रक्कम सारखीच. सरकारी कॉलेजात लेक्चरर लागला तरी वेतनश्रेणी सगळ्या विषयांना एकच. फरक पडतो तो प्रायव्हेटमधे पाय ठेवला की, आणि तो कुणाचा अभ्यास जास्त अवघड यावरून पडलेला नाही.

1956 ला घाटीचं कॉलेज निघालं, त्याआधी आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना हैदराबादचं उस्मानिया गाठावं लागायचं. तालुक्याच्या गावात फिजिशियन आणि सर्जनचा मान मोठा होता, एक्स-रे तर सर्जन स्वतःच फिल्म खिडकीच्या उजेडात धरून वाचायचे. मग सोनोग्राफी आली, सीटी आलं, एमआरआय आलं, मशीन कोटीच्या घरातलं आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला, त्यात 1994 च्या गर्भलिंगनिदान कायद्यानं सोनोग्राफीला नोंदणी आणि पात्र डॉक्टर बंधनकारक केला. 2011 च्या जनगणनेत बीडमधे सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं फक्त 807 मुली निघाल्या, राज्यात सगळ्यात कमी, आणि सेंटरच्या तपासण्या कडक झाल्या. झालं तेही योग्यच, पण रेडिओलॉजिस्टशिवाय मशीन बंद म्हणल्यावर रिझल्ट लागायच्या आतच त्याला फोन सुरू होतात.

दुसरं कारण विम्याचं. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यात नांदेड होतं. पैसे ॲडमिट पेशंटच्या ठरलेल्या पॅकेजचे, म्हणजे हॉस्पिटलला ऑपरेशन, प्रोसिजर करणारा माणूस परवडतो, पण मानसोपचारवाला एका पेशंटशी ओपीडीत तासभर बोलला तर त्या तासाचं पॅकेजच नाही. भूलतज्ज्ञांचं तिसरंच, त्यांना केसमागं पैसे भेटतात, म्हणून बॅग गाडीत टाकून एका दिवसात तीन-तीन हॉस्पिटलं करतात, रात्री सिझर निघालं की परत पळायचं.

सरकारलाही हे कळलेलं आहे, म्हणून एनएचएममधे, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, स्पेशालिस्टनं स्वतः आकडा सांगायचा आणि सरकारनं तो द्यायचा अशी सोय काढावी लागली.

पीएसएम, ॲनाटॉमी (शरीररचना) यांच्या सीटा मात्र मागंच राहतात. 2023 ला रिकाम्या पीजी सीटा भरायला नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचा कटऑफ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला. मला याचं फार वाईट वाटतं कारण कोरोनात गावोगावच्या साथीचा हिशोब पीएसएमवाल्यांनीच ठेवला, आणि आता धाराशिव, परभणीला नवी कॉलेजं झालीत तिथं पहिल्या वर्षाच्या पोरांना ॲनाटॉमी शिकवायला तरी माणूस लागणारच ना.