गिटारची दांडी : लाकडाची निवड

गिटारच्या पेटीपासून खुंट्यांपर्यंत जाणाऱ्या लांब, अरुंद भागाला दांडी म्हणतात. वादकांच्या बोलण्यात तिचे नाव ‘नेक’. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारवर हलक्या तारांचा संच चढवून ती सुरात लावली, की सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ७५ किलो भरतो. नायलॉनच्या तारांचा ताण ४० किलोच्या आसपास असतो. मुठीत मावणारी, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची दांडी हा भार वर्षानुवर्षे सोसते. म्हणून तिच्या लाकडाबाबत पहिला प्रश्न आवाजाचा नसतो. ते जागचे हलणार नाही ना, हा असतो. आवाजावर दांडीचा परिणाम होतो, पण पेटीच्या वरच्या फळीपुढे तो किरकोळ आहे. दुकानात याविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे त्यात काही नाही.

पावसाळ्यात दार चौकटीत का अडकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या निवडीचे निम्मे मर्म कळले. हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगते आणि सुकताना आक्रसते. लांबीत नगण्य, रुंदीत बरेच. शिवाय गाभ्याकडून सालीकडे ते जेवढे आक्रसते, त्याहून वार्षिक वलयांच्या दिशेने अधिक. या दोन दिशांत तफावत जितकी मोठी, तितकी पीळ पडण्याची भीती जास्त. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत महोगनी या दोन दिशांना अंदाजे ३ आणि ४ टक्के आक्रसते, कठीण मेपल अंदाजे ५ आणि १०. मेपल अधिक ताठ आणि मजबूत असूनही अकूस्टिक गिटारच्या दांडीत महोगनी पुढे राहिली, त्याचे मोठे कारण हेच. मेपल जडही असते, आणि दांडी जड झाली की वाद्य मांडीवरून डोक्याकडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, कलंडते. तरीही अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या जे-२०० सारख्या थोराड पेटीच्या गिटारला मेपलची दांडी शोभते.

शास्त्रीय गिटारसाठी स्पेनच्या परंपरेत सेड्रेला वापरतात. त्याला ‘स्पॅनिश सीडार’ म्हणतात. पण हे झाड मूळचे अमेरिका खंडातले आणि सूचिपर्णी सीडारशी त्याचे नाते नाही. सिगारच्या पेट्यांना येणारा वास याच लाकडाचा. ते हलके, स्थिर आणि हाताला मऊ लागते. नायलॉनच्या तारांना तेवढे पुरते. आफ्रिकेतले सापेली महोगनीहून जड असते. त्यातले तंतू थराथराने उलटसुलट वळलेले असल्यामुळे ते रंध्याखाली उचकटते. महोगनी, सेड्रेला, सापेली ही सारी आपल्या कडुनिंबाच्याच कुळातली. मिरजेत सतार-तानपुऱ्यांसाठी वापरला जाणारा तूनही त्याच कुळातला. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला ‘सेड्रेला तूना’ म्हणत. मात्र तानपुऱ्याची दांडी पोकळ असते, गिटारची भरीव. त्यामुळे एकीकडचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

जातीपेक्षा हातातला तुकडा महत्त्वाचा. तंतू दांडीच्या लांबीला समांतर हवेत. ते तिरपे जाऊन कडेला बाहेर पडत असतील, तर महागडी महोगनीही बाजूला ठेवावी. गाठ नको, गाभ्याजवळचा भाग नको. वलये फळीच्या पृष्ठाशी उभी असलेला काप बरेच कारागीर पसंत करतात. तुकडा नीट सुकलेला हवा आणि ढोबळ कापून झाल्यावर काही आठवडे तसाच ठेवायला हवा. ज्याला वाकायचे असेल ते आधीच वाकते.

सर्वांत नाजूक जागा नटच्या, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे असते. तिथे डोके मागे कललेले असल्याने, दांडी एकसंध तुकड्यातून कोरली तर तंतू तुटक पडतात आणि गिटार आडवी पडताच तिथेच मोडते. त्यावर उपाय म्हणजे डोके तिरप्या सांध्याने जोडणे. दोन-तीन पट्ट्या चिकटवून केलेली दांडी काहींना कमअस्सल वाटते. खरे तर पट्ट्यांचे तंतू उलटसुलट ठेवले तर ती एकसंध लाकडाहून स्थिर राहते.

गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांच्या ट्रस रॉडला १९२३ मध्ये पेटंट मिळाले. दांडीत बसवलेली ही सळई आवळून तारांच्या ओढीने आलेला बाक काढता येतो. मार्टिन कंपनीने १९३४ मध्ये एबनी या कठीण, काळ्या लाकडाच्या पट्टीऐवजी पोलादी पट्टी घातली, पण आवळता येणारी सळई १९८५ मध्येच आणली. सळईमुळे लाकडाच्या निवडीला मोकळीक मिळाली. पण बाक तिने निघतो, पीळ निघत नाही.

मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून साइटिस या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. मार्टिनच्या माहितीपत्रकांत आता अनेक ठिकाणी दांडीच्या लाकडाचे नावच नसते. ‘निवडक कठीण लाकूड’ एवढेच लिहिलेले असते.