काटकसरीचं पुस्तक वेगळं, स्वावलंबनाचं वेगळं

नोकरी सोडून गावाकडच्या तुकड्यावर राहायला जायचं, निदान घरचं घरी पिकवून खायचं, असं मनात घेतलेली बरीच तरुण मंडळी आता कोल्हापुरात भेटतात. बहुतेकांची सुरुवात पुस्तकांपासून होते आणि पहिला घोटाळाही तिथेच होतो. घरचा साबण, घरचं दूध, परसबाग, जुन्या लुगड्यांच्या वाकळा, खर्चाची वही हे सगळं एकाच फळीवर, पुष्कळदा एकाच मुखपृष्ठाखाली मिळतं. वाचणाऱ्याला वाटतं, विषय एकच आहे.

तो एक नाही. काटकसर करणारा माणूस बाजारात जातोच, फक्त कमी वेळा आणि कमी पैसे घेऊन. स्वावलंबी माणसाला त्या वस्तूपुरतं बाजारात जायचंच नसतं. काटकसरीने पैसा पहिल्या महिन्यापासून हातात राहतो. स्वावलंबनात पहिली काही वर्षं तो जातच असतो: कुंपणाला, पाइपलाइनला, अवजारांना, जनावराला. काटकसरीच्या अपेक्षेने स्वावलंबनाला हात घातला की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत माणूस खचतो. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून एवढं लिहायचं.

कांदा-लसूण चटणी घ्या. उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या आणून देठं काढायची, उन्हात वाळवायच्या, मसाले भाजायचे आणि डंकावरून कुटून आणायचं, ही आपली वर्षाची बेगमी. हिला सगळे सहज स्वावलंबन म्हणतात. पण मिरची कुठली? ब्याडगी कर्नाटकातली, संकेश्वरीही बाजारातूनच आणलेली. खोबरं विकतचं, मीठ विकतचं, खडा मसाला तर केरळपासून आलेला. घरच्या चटणीत चव आपल्या हातची असते, भेसळीची धास्ती नसते आणि तयार पाकिटापेक्षा पैसे वाचतात. ही उत्तम काटकसर आहे. स्वावलंबन तेव्हा सुरू होईल, जेव्हा मिरची आपल्या वाफ्यात येईल आणि चांगल्या झाडाचं बी पुढच्या वर्षासाठी राखेत घोळून ठेवलं जाईल. तरी मीठ विकतच आणावं लागेल. शंभर टक्के स्वावलंबी घर कुठल्याच काळात नव्हतं.

दुधाचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. चार माणसांच्या घराला दिवसाला दीड लिटर दूध पुरतं. बरी म्हैस आठ-दहा लिटर देते. म्हणजे उरलेलं दूध डेअरीला घालावंच लागतं आणि घरच्या दुधासाठी आणलेली म्हैस बघता बघता धंदा होऊन बसते. रोज पंचवीस-तीस किलो ओली वैरण, वर वाळली वैरण आणि पेंड, पहाटे-संध्याकाळची धार, सुट्टी नाही. गाभण काळ दहा महिन्यांहून जास्त, आणि मधे ती भाकड असते तेव्हा खाणं चालूच, दूध बंद. कुणी म्हैस घ्यायची म्हणाला की आपल्याकडची जुनी माणसं आधी दुधाचं विचारत नाहीत. ‘वैरण कुठली घालणार रे?’ एवढंच विचारतात. काटकसरीच्या हिशेबात एका कुटुंबाला म्हैस जवळजवळ कधीच परवडत नाही. शेण, शेणखत आणि चाऱ्याचं रान धरून पाहिलं तर स्वावलंबनाच्या हिशेबात ती बसू शकते. कोल्हापूरच्या गंगावेशीत समोर धार काढून मिळणारं दूध हा तिसरा मार्ग आहे: दूध ताजं, म्हैस दुसऱ्याची. काटकसरी माणसाने खुशाल तो धरावा.

पुस्तकांच्या जगात या गल्लतीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखक थोरो. अमेरिकेतल्या वॉल्डन तळ्याकाठी १८४५ ते १८४७ या काळात तो स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला, आणि १८५४ साली त्यावरचं त्याचं पुस्तक आलं. स्वावलंबनाचा आद्यग्रंथ म्हणून ते लोकांच्या हातात दिलं जातं. ते लक्ष देऊन वाचलं तर दिसतं की ते काटकसरीचं पुस्तक आहे, तेही अव्वल दर्जाचं. झोपडीला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट लागले, हे तो खिळ्या-चुन्यासकट मांडतो. अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवड्यासारखं कडधान्य लावलं, पण ते खाण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी. खाण्यासाठी तो तांदूळ, मक्याचं पीठ, काकवी विकत आणत होता. जमीनही मित्राची, इमर्सनची. यात त्याला कमीपणा देण्यासारखं काही नाही. गरजा किती खाली आणता येतात हे त्याला दाखवायचं होतं आणि ते त्याने चोख दाखवलं. फक्त त्याच्या भरवशावर कुणी वर्षाचं धान्य पिकवायला निघू नये.

पुस्तकातून शिकायचं तर काटकसर जास्त चांगली शिकता येते, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ती मुळात निर्णयांची आणि आकड्यांची विद्या आहे, आणि आकडे कागदावरून डोक्यात जातात. अमेरिकेत मेन राज्यात राहणाऱ्या एमी डेसिझन यांनी १९९० ते १९९६ या काळात काटकसरीवर एक वार्तापत्र चालवलं. त्यांनी लोकप्रिय केलेली एक युक्ती मला आजही सगळ्यांत मोलाची वाटते: दरवही. आपण नेहमी घेतो त्या वस्तूंची एकेक ओळ, आणि पुढे कुठल्या दुकानात, कुठल्या तारखेला, किलोला काय दर पडला याची नोंद. लक्ष्मीपुरीतला धान्याचा घाऊक दर, कोपऱ्यावरच्या किराण्याचा दर, मॉलमधल्या ‘ऑफर’चा दर एका पानावर आले की सूट खरी कुठली आणि दिखाऊ कुठली ते आपोआप उघडं पडतं. कपिलतीर्थ मंडईत सकाळी आणि रात्री आठनंतर भाजीच्या दरात काय फरक पडतो, तेही कळतं. ही युक्ती मेनमधून कोल्हापुरात काहीही न बदलता येते. कूपनं, फ्रीजरभर मांस, गॅरेजमधली जुन्या वस्तूंची विक्री हे तिकडचं तिकडेच राहू द्यावं.

स्वावलंबनाचं पुस्तक इतक्या सरळपणे येत नाही. ते एका हवेत, एका मातीत, एका कायद्याखाली लिहिलेलं असतं. इंग्रज लेखक जॉन सेमूर यांचं १९७६ सालचं या विषयावरचं पुस्तक जगभर गाजलं. एक एकर असेल तर काय करा, पाच एकर असतील तर काय करा, अशी त्यात आखणी आहे आणि ती पाहताना कुणालाही हुरूप येईल. पण तिकडचा शत्रू हिवाळा आहे. त्यांची सगळी धडपड थंडीच्या चार-पाच महिन्यांसाठी साठवण करण्याची. गाजरं वाळूत पुरून ठेवा, बटाट्याचा ढीग गवताने झाका. आपल्याकडे साठवणीचा शत्रू जून ते सप्टेंबरची दमट हवा आहे, थंडी नव्हे. आपलं शस्त्र फेब्रुवारी ते मेचं ऊन: सांडगे, कुरडया, वाळवलेल्या गवाऱ्या, तुरीला चोळलेलं एरंडेल, धान्यात घातलेला कडुनिंबाचा पाला. टोमॅटोचं बी तिकडे वसंतात टाकतात. इथे तसं केलं तर ऐन एप्रिल-मेच्या उन्हात फुलं गळतात. इथे ते पावसाळ्याच्या उतरणीला टाकलेलं बरं.

एका बाबतीत मात्र हवामानापेक्षा जिवाचा प्रश्न आहे. शेंगभाज्या, मका, मांस असे आंबट नसलेले पदार्थ बरणीत भरून उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद करण्याच्या कृती जुन्या परदेशी पुस्तकांत सापडतात. बोट्युलिनम जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत, आणि हवाबंद बरणीत ते विष तयार करतात. आपल्या घरी कैरी-लिंबाची लोणची टिकतात ती आंबटपणा, मीठ आणि तेलावर. तीच वाट धरावी.

आणि कायदा. परदेशी पुस्तक दुसऱ्या प्रकरणात सरळ सांगतं की जमीन विकत घ्या. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्यामुळे, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर नाव आहे का, हा प्रश्न इथे बियाण्याच्या आधी येतो.

त्याहून खोल फरक वेगळाच आहे. त्या पुस्तकांतलं स्वावलंबन एका कुटुंबाचं असतं: नवरा-बायको, मुलं आणि त्यांचं रान. आपल्याकडे ते घराचं कधी नव्हतंच, गावाचं होतं. कणेरी मठावरच्या सिद्धगिरी म्युझियममध्ये सुतार, लोहार, कुंभार, चांभार, तेली असे कामात गुंतलेले पुतळे आहेत. ते पाहताना हे लख्ख दिसतं. नांगराचा फाळ शेतकरी स्वतः घडवत नव्हता, गाव घडवत होतं. या व्यवस्थेचे गोडवे गाणं मात्र मला पटत नाही. ती जन्मावर बांधलेली होती आणि तिचा सगळ्यांत जास्त भार सगळ्यांत कमी मोबदल्यात खालच्यांनी उचलला. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द केली ती याच जाचामुळे. त्यातून घ्यायचं एवढंच की एकट्या घराने सगळं करायचा हट्ट धरू नये. शेजाऱ्याचा तेलघाणा, आपली हळद, तिसऱ्याची म्हैस, असा बांधाला बांध लागून चालणारा व्यवहार हवा, आणि तो बरोबरीचा हवा.

या दिशेने सगळ्यात नेमकं काम आपल्याच गावात झालं आहे, हे नव्या वाचकांना सहसा माहीत नसतं. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला: शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करायचे आणि निष्कर्ष एकमेकांना कळवायचे. द्राक्षशेतीत त्याचा मोठा उपयोग झाला. पाच माणसांचं कुटुंब १० गुंठ्यांवर नीट जगू शकतं, अशी त्यांची मांडणी होती. साध्या हिशेबाने पाहिलं तर चौघांना महिन्याला माणशी दहा किलो धान्य म्हणजे वर्षाला जवळजवळ पाच क्विंटल लागतं आणि कोरडवाहू शाळू एकरी तेवढाच येतो असं धरलं, तर निव्वळ भाकरीलाच एकर लागतो. म्हणजे १० गुंठ्यांची मांडणी नुसत्या हौसेवर उभी राहत नाही. पानावर पडणारं ऊन, मातीत परत जाणारा पालापाचोळा, प्रत्येक रोपाची मुळं यांची मोजदाद तिच्या पायाशी आहे. कोल्हापूरच्या वाचकाने परदेशी पुस्तकाआधी दाभोळकरांचं लिखाण वाचावं, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन्ही गोष्टी कुठे वेगळ्या पडतात ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दिसलं. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता, दूध-भाजी-पेट्रोलची टंचाई झाली, उपसा केंद्रं पाण्यात गेल्याने नळाला पाणी नव्हतं. वर्षाचं धान्य भरलेल्या घरांना चूल पेटवायची चिंता नव्हती. ही काटकसरीची पुण्याई, कारण धान्य हंगामात स्वस्त असताना भरलं होतं. पण पाणी कुणी घाऊक भावात भरून ठेवत नाही. पूररेषेच्या वर ज्यांच्या वाड्यात वापरता आड होता, त्यांचं भागलं. ते स्वावलंबन.

सुरुवात करणाऱ्याने पुस्तकं उलट्या क्रमाने वाचावीत असं मला वाटतं. आधी काटकसरीचं, हातात पेन घेऊन. दरवही एक वर्ष चालवली की दोन गोष्टी हाती येतात: थोडी शिल्लक, आणि आपलं घर खरोखर किती खातं याचा आकडा. लसूण वर्षाला सहा किलो की बारा, हे माहीत नसताना वाफे आखण्यात अर्थ नाही. मग स्वावलंबनाचं पुस्तक उघडावं आणि त्यातलं एकच प्रकरण घ्यावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कढीपत्ता, गवती चहा, कुंड्यांतली मिरची. परडं असलेल्याने शेवगा, आळू, पावसाळ्यात दोडक्या-कारल्याचे वेल. गावी तुकडा असलेल्याने एखादं कडधान्य आणि त्याचं बी. प्रकरण वाचून झालं की ते काम आयुष्यभर केलेल्या एखाद्या मावशीच्या किंवा काकांच्या बांधावर एक हंगाम जावं. खुरपं किती खोल घालायचं, बी वाळलं हे दाताखाली कसं ओळखायचं, हे छापील पानावर येत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथे शेतीची जुनी मराठी पुस्तकं मागावीत. अशी पुस्तकं निदान मृग आणि हस्त ओळखून लिहिलेली असतात.