परिचारिकांच्या ईसीजी वाचनाची पार्श्वभूमी

हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजेच ईसीजी, टिपण्याचे तंत्र नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर कित्येक दशके आलेख कोणीही काढला, तरी त्याचा अर्थ लावणे हा डॉक्टरांचाच अधिकार मानला जात होता. ही वाटणी मोडली ती एखाद्या उदार विचारामुळे नव्हे, तर निरुपाय म्हणून.

हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन सोडून नुसते थरथरू लागले, तर मृत्यू काही मिनिटांत ओढवतो. १९५६ साली पॉल झोल यांनी छातीवरून विजेचा धक्का देऊन ही थरथर थांबवून दाखवली आणि १९६० मध्ये बाल्टिमोर येथून बाहेरून छाती दाबण्याची पद्धत पुढे आली. उपाय हाताशी आला, पण वॉर्डात विखुरलेल्या रुग्णांपर्यंत तो वेळेत पोहोचेना. १९६१ साली डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रुग्णांना एकत्र ठेवून सतत नजरेखाली ठेवावे, असे सुचवले. पुढच्याच वर्षी ह्यूज डे यांनी कॅन्ससमध्ये तसा विभाग उघडला.

मात्र मॉनिटरसमोर चोवीस तास डॉक्टर बसणे शक्य नव्हते. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांनी रोझ पिन्नेओ या परिचारिकेच्या साथीने वेगळा मार्ग धरला: परिचारिकेने मॉनिटरवर हृदयाच्या ठोक्यांची लय ओळखावी आणि गरज पडल्यास डॉक्टरांची वाट न पाहता धक्काही द्यावा. १९६५ मध्ये त्यांनी परिचारिकांसाठी सविस्तर पुस्तकही काढले. न्यूयॉर्कच्या किलिप आणि किंबल या डॉक्टरांनी १९६७ साली २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ‘शॉक’मध्ये (हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकल्याने रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत) न गेलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे त्यात नोंदवले होते. माझ्या मते यंत्रांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, श्रेय त्या खाटेशेजारच्या नजरेला द्यायला हवे.

तोवरचे वाचन मुख्यतः लयीचे होते. १९८६ आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी स्ट्रेप्टोकायनेज हे रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर द्यावे तितका लाभ अधिक, हे दाखवले आणि बारा लीडच्या, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून पाहणाऱ्या, ईसीजीला नवे महत्त्व आले. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत काढून पाहिला जावा, असा दंडक पडला. आता एसटी भाग (आलेखातला प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरचा तुकडा) उचलला आहे का, हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये तो एकत्र उचलला असेल तर उजव्या बाजूचाही ईसीजी काढावा का, हे तिथल्या तिथे ओळखणे आले. त्याहून आधीची कसोटी मात्र साधीच असते. व्ही १ आणि व्ही २ हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावायचे असतात. ते एक फट वर गेले तर नसलेला दोष कागदावर उमटू शकतो, आणि दोन्ही हातांच्या वायरी बदलल्या की पहिली लीड उलटी येते. सुटलेल्या वायरीमुळे पडद्यावर थरथर दिसते, तेव्हा अनुभवी सिस्टर आधी रुग्णाकडे पाहते आणि मग मॉनिटरकडे.

आपल्याकडे २०१९ साली आयसीएमआर आणि दिल्लीच्या एम्सने सुरू केलेला प्रायोगिक प्रकल्प याच वाटेवरचा म्हणता येईल. त्यात प्रशिक्षित परिचारकांची जोडी मोटारसायकलवरून एम्सच्या तीन किलोमीटरच्या परिसरातील रुग्णाच्या घरी जाऊन ईसीजी काढत असे आणि तो एम्समधील डॉक्टरांना तत्काळ पाठवत असे.