जुने मराठी फॉन्ट कार्यालयांतून हलता का हलत नाहीत?

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे एखादे इतिवृत्त, करारनामा किंवा पुस्तकाची मूळ फाइल नव्या संगणकावर उघडली की बऱ्याचदा मराठीऐवजी रोमन अक्षरे, टिंबे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली होती तो फॉन्ट टाकला की मजकूर दिसू लागतो, पण केवळ दिसतो. त्यात शब्द शोधता येत नाही, नावे अकारविल्ह्यांनी लावता येत नाहीत, उतारा उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, देवनागरीला जागा मिळाली १९९१ साली. इतका काळ लोटूनही छोटे छापखाने, कोर्टाबाहेरची टायपिंग सेंटर आणि काही कार्यालये जुन्या फॉन्टांतच काम करत राहिली आहेत. याचा दोष सहसा 'बदलायला तयार नसलेल्या' टायपिस्टवर आणि ऑपरेटरवर टाकला जातो. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. आपण इथवर कसे आलो ते पाहिले की त्या माणसांचा विरोध पुष्कळसा रास्त होता, हे लक्षात येते.

सुरुवात टंकयंत्रापासून करावी लागते. यंत्रावर जागा होती सुमारे ९० चिन्हांना, आणि देवनागरीला स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे असे कितीतरी जास्त आकार लागतात. त्यावर रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाने हुशार तोडगा काढला. ज्या अक्षरांना उजवीकडे उभा दंड असतो त्यांतल्या अनेकांचे फक्त अर्धे रूप कळीवर ठेवायचे. पूर्ण अक्षर हवे असेल तर अर्ध्या अक्षरापुढे काना मारायचा. अर्धा 'भ्' आणि काना मिळून 'भ'. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी मारायची आणि अक्षर नंतर. रफार मात्र अक्षर मारून झाल्यावर. कागदावर ठसे उमटवणाऱ्या यंत्रासाठी ही रचना चोख होती. कागदाला फक्त आकार ठाऊक असतो, 'भ' हे एक अक्षर आहे की दोन ठसे, याचे त्याला काही देणेघेणे नसते.

संगणकाला ते असते. पहिल्या पिढीतल्या अभियंत्यांनी हे नेमके ओळखले होते, ही या इतिहासातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट आहे. आयआयटी कानपूरमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय लिप्यांवर काम सुरू होते आणि १९८३ मध्ये तिथून देवनागरीत काम करणारा संगणक तयार झाला. त्या कामातून 'जिस्ट' तंत्रज्ञान आले. त्यामागचे मुख्य नाव मोहन तांबे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि हे काम तिथे आले. संगणकाच्या खाचेत बसवायचे जिस्ट कार्ड डॉसवरच्या साध्या प्रोग्रॅमांनाही मराठी दाखवू शकत असे. त्याचा पाया होता 'इस्की' ही संकेतप्रणाली, जी पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिचे तत्त्व सरळ होते. साठवायचे ते अक्षर, आकार नव्हे. आकार कसा जुळवायचा ते पडद्यावर दाखवताना ठरेल. सोबतचा इनस्क्रिप्ट कळफलकही त्याच विचाराचा: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच मांडणी. युनिकोडमधला देवनागरीचा विभाग पुढे याच इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला. म्हणजे युनिकोड मराठीवर बाहेरून कोणी लादलेले नाही. त्याचे मूळ कानपूर आणि पुण्यात आहे.

मग गाडी कुठे घसरली? विंडोज आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावणे, एकाच सुमाराला आले तिथे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेजमेकरवर पाने लावायला सगळ्यांनाच हवे होते. खिळे जुळवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आणि जलद होते. पण त्या वेळच्या विंडोजला देवनागरीची जोडणी करता येत नव्हती, आणि कार्डाची युक्ती या नव्या पडद्यावर पुरी पडत नव्हती. विंडोजला फक्त फॉन्ट समजत. फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यातल्या काही राखीव. मग उरलेल्या जागांवर इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवले गेले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचेच आयएसएम, शिवाय कृतिदेव, शिवाजी, किरण असे फॉन्ट. कोणता तुकडा कोणत्या जागेवर, हे ज्याने त्याने आपापले ठरवले. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी मजकूर नव्हताच. वेगळ्या कपड्यांतली इंग्रजी अक्षरे होती.

याचा अर्थ काय होतो ते एका फॉन्टमध्ये डोकावून पाहू. कृतिदेव ०१० मध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर फाइलमध्ये साठते ते असे: छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. आता वर्डला वाटते की हे इंग्रजी वाक्य आहे, म्हणून तो सवयीप्रमाणे पहिले अक्षर मोठे करतो. पण या फॉन्टमध्ये छोटा ई म्हणजे 'म' आणि मोठा ई म्हणजे अर्धा 'म्'. झाले, 'मराठी'चे 'म्राठी' होते. म्हणून मराठी टायपिस्ट नव्या संगणकावर बसला की आधी ती आपोआप सुधारणा बंद करायचा. हे त्याला कोणी शिकवलेले नसे, अनुभवाने कळलेले असे.

याच फॉन्टमध्ये 'श्' आणि 'ष्' हे एकेरी आणि दुहेरी अवतरणचिन्हांच्या जागी आहेत, 'घ्' प्रश्नचिन्हाच्या जागी, आणि 'ए' स्वल्पविरामाच्या जागी. नावांची यादी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची असेल तर रकाने बहुधा स्वल्पविरामानेच वेगळे केले जातात. अशा यादीत 'एकनाथ' असेल तर पहिला रकाना रिकामा जातो आणि 'कनाथ' पुढच्या रकान्यात सरकतो. 'भाषा' या शब्दात काना दोनदा असला तरी साठवलेल्या मजकुरात काना चार वेळा सापडतो, कारण 'भ' आणि 'ष' यांचे दंडही कानाच आहेत. टंकयंत्राची तडजोड अशी जशीच्या तशी संगणकात उतरली. कागदावर ती निरुपद्रवी होती. इथे तिने मजकुराचा अर्थच पुसून टाकला.

हे सगळे वाईट डिझाइन होते का? होय, आणि ते तेव्हाही कळण्यासारखे होते, कारण बरोबर रचना आधीच अस्तित्वात होती. पण लग्नपत्रिका, दैनिकाचे पान, निवडणुकीचे पत्रक उद्या सकाळी छापून हवे असताना पुढच्या तीस वर्षांचा शोध आणि क्रमवारी कोण पाहणार? छापील कागद सुंदर येत होता. या फॉन्टांमधली अक्षरवळणे खरोखर चांगली होती, ती घडवणाऱ्यांनी मेहनत घेतली होती, हेही नोंदवले पाहिजे.

त्यात कुलूप पडले. यातली काही सॉफ्टवेअर डोंगलवर चालत. प्रिंटरच्या पोर्टला लावायचा छोटा ठोकळा, तो नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. चोरी टाळायला विक्रेत्याने केलेला हा बंदोबस्त समजण्यासारखा आहे. पण पुढे संगणकांना तसले पोर्ट येईनासे झाले आणि डोंगलसाठी जुना संगणक जपून ठेवणे भाग पडले. एका विक्रेत्याच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये नेण्याची सोय असलीच तर अर्धवट. बाहेर पडायचे म्हणजे सगळे पुन्हा टाइप करायचे.

विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आले, सोबत 'मंगल' हा फॉन्ट. तो घडवला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर-संशोधन संस्थेत. खरे तर इथून पुढे वाट मोकळी व्हायला हवी होती. पण युनिकोडच्या बाजूने उत्साहाने बोलणारे एक गोष्ट विसरतात: सुरुवातीची कितीतरी वर्षे युनिकोड कामाच्या टेबलावर गैरसोयीचे होते. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. कार्यालयातल्या कारकुनाकडे ना ती सीडी, ना संगणकात काही बसवण्याचा अधिकार. मराठी डोळ्यांना पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हवा असतो, मंगलमध्ये हिंदी वळण दिसे. पेजमेकर युनिकोड जाणतच नव्हता आणि त्याची नवी आवृत्ती २००१ नंतर निघालीच नाही. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय झाली ती २०१२ साली. म्हणजे तोपर्यंत ज्याला पुस्तक किंवा दैनिक छापायचे होते, त्याला 'युनिकोड वापरा' हा सल्ला देणे म्हणजे पानच लावू नका म्हणण्यासारखे होते.

मराठीचे स्वतःचे प्रश्नही होते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये, त्यामुळे आधीच्या मजकुरात ते 'अ' आणि चंद्र असे दोन तुकड्यांत आहे आणि आजही दोन्ही प्रकार सुखाने नांदतात. 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतला 'ऱ्' दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

आता त्या टायपिस्टकडे वळू. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची अट असते. त्यासाठी गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये महिनोन्महिने बोटे घासायची, राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा द्यायची, ते प्रमाणपत्र फाइलला लावायचे. ही सगळी तयारी टंकयंत्राच्या कळफलकावर. जुन्यांपैकी बरेच फॉन्ट त्याच कळफलकावर चालत, हीच त्यांची खरी ताकद होती. टंकयंत्र गेले आणि संगणक आला तेव्हा बोटांना काहीच नवे शिकावे लागले नाही. युनिकोडसोबत मात्र इनस्क्रिप्ट पुढे केला गेला. वेलांटी आता अक्षरानंतर, अर्ध्या अक्षरासाठी हलन्त, काना मारून अक्षर पुरे करणे नाही. न बघता चालणारी बोटे एका दिवसात नवशिकी झाली. खाजगी ऑपरेटरला तर पानावर पैसे मिळतात. वेग निम्म्यावर आला की त्या महिन्याची कमाईही निम्म्यावर. त्या काळातला तोटा मालकाने किंवा खात्याने भरून द्यावा, शिकायला कामाच्या वेळात वेळ द्यावा, असे फारसे कुठे झाले नाही. 'उद्यापासून युनिकोड' असा कागद आला आणि संध्याकाळपर्यंत टिपण तयार हवे, ही अपेक्षा तशीच राहिली. अशा वेळी माणूस जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून प्रिंट काढून देतो, यात आडमुठेपणा कुठे आहे? साहेबालाही सहीसाठी कागदच हवा असतो, आणि कागदावर युनिकोड काय नि कृतिदेव काय, सारखेच.

नोव्हेंबर २००९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, आणि महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे निश्चित करणारा निर्णय काढला. दोन्ही आवश्यक होते. पण आदेशांपेक्षा जास्त बदल केला तो दोन साध्या गोष्टींनी. एक म्हणजे, रेमिंग्टनच्या सवयीने टाइप केले तरी आत युनिकोड साठवणारे कळफलक-प्रोग्रॅम आले. बोटे तीच, फाइल मात्र खरी मराठी. हे आधी दहा वर्षे झाले असते तर अर्धा विरोध उभाच राहिला नसता, असे माझे ठाम मत आहे. दुसरी गोष्ट मोबाइल. २०१२ च्या आसपास अँड्रॉइड फोनांवर देवनागरी नीट दिसू लागली आणि त्याच कार्यालयांतली माणसे व्हॉट्सॲपवर मराठी लिहू लागली. तिथे जुन्या फॉन्टला वावच नव्हता. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनीही शोधयंत्रात सापडायचे म्हणून डाउनलोड करायचे फॉन्ट सोडले. छापील पानासाठी जुना फॉन्ट आणि संकेतस्थळासाठी युनिकोड, मधे रूपांतर करून चुका काढणारा एक जण, अशी दुहेरी व्यवस्था मात्र अनेक ठिकाणी बरीच वर्षे चालली.

आज नवा मजकूर बहुतांशी युनिकोडमध्ये तयार होतो. अडून बसले आहे ते मागचे. नव्वदच्या दशकापासून पुढच्या वीसेक वर्षांतली मराठी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल यांचा मोठा हिस्सा जुन्या फॉन्टच्या फाइलींत आहे. रूपांतराचे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत, पण प्रत्येक फॉन्टला वेगळा तक्ता लागतो, वेलांटी आणि रफार आपल्या जागी हलवावे लागतात, आणि एकाच फाइलीत तीन फॉन्ट मिसळलेले असले की प्रोग्रॅम गोंधळतो. तेव्हा कोणता तुकडा कुठला हे सांगू शकतो तो वर्षानुवर्षे त्याच फॉन्टमध्ये काम केलेला ऑपरेटर. ही माणसे आता निवृत्तीला आली आहेत किंवा धंदा बंद करून बसली आहेत. प्रकाशकांनी, ग्रंथालयांनी आणि शासनाच्या खात्यांनी या फाइली रूपांतरासाठी काढल्या तर या ऑपरेटरांना रीतसर मोबदला देऊन त्या टेबलावर बसवायला हवे, डोंगल चालणारा एखादा जुना संगणक शिल्लक आहे तोवरच.