चक्र एवढंसं, प्रोसेसर घामाघूम

गोरेगाव-अंधेरीच्या ऑफिसांत हे रोजचंच: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘थांबा’वालं चक्र फिरतंय, बाकी सगळं ठप्प, आणि पंखा मात्र घरघरतोय. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर साडेबारा टक्के दाखवतो. आकडा किरकोळ वाटतो, पण आठ थ्रेडच्या, म्हणजे एकावेळी आठ कामं चालवणाऱ्या, मशीनवर याचा अर्थ एक अख्खा थ्रेड त्या चक्रापायी अडकलाय.

याची मुळं 1985 पर्यंत जातात. त्या वर्षीच्या अमिगा या घरगुती संगणकात चित्राचे तुकडे हलवायला ब्लिटर नावाची वेगळी सोय होती. विंडोज 1.0 त्याच वर्षी आलं, पण तेव्हाच्या साध्या पीसीवर सगळं रंगकाम मुख्य प्रोसेसरच्याच गळ्यात.

विंडोज 95 चा साधा टायमर 55 मिलिसेकंदांपेक्षा बारीक चालत नसे. म्हणजे हलत्या चित्राच्या सेकंदाला जेमतेम 18 फ्रेम. घाईच्या लोकांनी टायमर सोडून रिकामं धावणारं लूप (न थांबता तेच ते पुन्हा करणारा कोड) लावलं; गेममध्ये ते खपून गेलं, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्येही शिरलं. दुसरी खोड याहून चिवट. हलतो एक ठिपका, पण प्रोग्रॅमर अख्खी खिडकी अवैध, म्हणजे शिळी, ठरवून पुन्हा रंगवतो. चित्र लुकलुकायला लागलं की उपाय डबल बफरिंग: आधी पूर्ण चित्र मेमरीत, मग एकदम पडद्यावर. लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या पीसीवर 640×480 आणि 256 रंगांत एक पडदा म्हणजे सुमारे 3 लाख बाइट. आज 1920×1080 वर, ठिपक्याला 4 बाइट धरून, तोच पडदा 83 लाख बाइटांचा. सेकंदाला 60 वेळा रंगवा, जवळपास 50 कोटी.

मधल्या काळात ग्राफिक्स कार्डांनी जीडीआयचा, म्हणजे विंडोजच्या जुन्या रेखाटन-यंत्रणेचा, बराच भार उचलला होता. पुढे विंडोज व्हिस्टाने खिडक्या एकत्र जुळवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे दिलं, पण जीडीआयचं रेखाटन मात्र परत प्रोसेसरवर टाकलं. कोडची एक ओळही न बदलता जुनी सॉफ्टवेअर जड झाली आणि शिव्या बिचाऱ्या प्रोग्रॅमरने खाल्ल्या. 2009 च्या विंडोज 7 मध्ये त्यातला काही भाग कार्डाकडे परत गेला.

नव्या साधनांनी हा रोग गेला म्हणावं, तर 2017 मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड या कोड लिहायच्या एडिटरचा नुसता लुकलुकणारा कर्सर सुमारे 13 टक्के प्रोसेसर खाताना सापडला. कर्सर अर्ध्या सेकंदाने बदलायचा, पण सीएसएस (वेबपानांच्या सजावटीची भाषा) अ‍ॅनिमेशनमुळे आतलं क्रोमियम हे ब्राउझर-इंजिन सेकंदाला 60 वेळा जागं व्हायचं. सीएसएस वापरा, तेच हलकं, असं शिकवणाऱ्यांची पंचाईतच झाली. दुरुस्ती केली ती जावास्क्रिप्टचा साधा टायमर लावून: अर्ध्या सेकंदाने उठायचं, कर्सर दाखवायचा किंवा लपवायचा, पुन्हा झोपायचं.